लग्नाचा छायाचित्रकार
विवाहासारख्या मंगलकार्यात छायाचित्रकाराची निवड बहुधा कार्यालय आणि आचारी ठरल्यावर, आणि तीही केवळ दर पाहून केली जाते, हे मला मनापासून अनुचित वाटते. कारण मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि वधूवर परस्परांना माळ घालतात, तो प्रसंग निमिषमात्रात सरतो, आणि गोरज मुहूर्ताच्या मावळत्या उजेडात, भोवती आप्तांची दाटी असताना, तो नेमका टिपणे विधींचा क्रम मुखोद्गत असलेल्यालाच साधते. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस आकाराची अवघी १२ चित्रे मावत, तेव्हा हे अवधान अपरिहार्यच होते. आज हजारो चित्रे निघतात, तरी त्याची आवश्यकता तसूभरही उणावलेली नाही. म्हणून निवडक, देखण्या चित्रांवर न भुलता, एखाद्या लग्नाचा हळदीपासून पाठवणीपर्यंतचा समग्र संग्रह मागून घ्यावा, आणि त्यात वराचा कान पिळणारा वधूचा भाऊ आहे काय, भिंतीशी खुर्चीवर बसलेली वृद्ध आजी आहे काय, हे आवर्जून पाहावे. इसार देण्यापूर्वी प्रत्यक्ष कॅमेरा कोण हाताळणार आणि मूळ चित्रे कोणाच्या ताब्यात राहणार, एवढे करारनाम्यात नमूद करून घ्यावे.