कॅप्सूलमध्ये काय आहे?

नावड्यातील एखाद्या श्रावकाच्या घरी रक्ततपासणीचा अहवाल येतो : ट्रायग्लिसराइड ४२०. घरात मद्य नाही, मांस नाही, सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही. मग ही चरबी आली कोठून? साखर, मैदा आणि भात यांतून मिळालेल्या जादा ऊर्जेपासून यकृत ती स्वतःच तयार करते. त्यात मधुमेह आणि दिवसभराची दुकानातील बैठक यांची भर पडते. तूप सोडून मिठाई चालू ठेवणाऱ्याचा आकडा म्हणूनच उतरत नाही.

१५० च्या आत असावा असा हा आकडा ५०० च्या वर गेला, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. ती सूज जिवावर बेतू शकते.

अशा वेळी चिठ्ठीवर कधी ‘आयकोसापेंट इथिल’ हे नाव येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत आठ हजारांहून अधिक रुग्ण होते. स्टॅटिनच्या जोडीला रोज ४ ग्रॅम हे औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात इत्यादी घटना सुमारे चतुर्थांशाने घटल्या. तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलामुळे हा फरक फुगला असावा, असा आक्षेप पुढे घेतला गेला. वाद मिटलेला नाही. जैन घराला मात्र दुसरीच गोष्ट बोचते. हे औषध माशांच्या तेलापासून बनते आणि आवरण बहुधा जिलेटिनचे असते. हे कळताच डबी कपाटात जाते, पण डॉक्टरांना कोणी सांगत नाही. औषध चालूच आहे, असे समजून ते पुढचा निर्णय घेतात. खरा अपाय येथे होतो. जवस उत्तम, पण त्यातील ओमेगा-३ चा फार थोडा अंश शरीरात या औषधाच्या रूपात बदलतो.

मासळीविना पर्याय आहेत. फेनोफायब्रेट जुनेच आहे. मधुमेहींसाठी अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने शोधलेल्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये भारतात मान्यता मिळाली; ४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा. आकडा उतरला म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेमाफायब्रेटने दहा हजारांवर मधुमेहींपैकी ते घेणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड पाव हिश्श्याने उतरवले, तरी हृदयविकाराच्या घटना घटल्या नाहीत. म्हणून शेजाऱ्याची गोळी पाहून स्वतःची स्टॅटिन बंद करणे हा शुद्ध अविचार.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओलेझारसेन हे महिन्याला एकदा घ्यावयाचे इंजेक्शन आहे. चरबीचे विघटन रोखणाऱ्या एका प्रथिनाची निर्मितीच ते कमी करते. मान्यता मिळाली ती एका दुर्मिळ आनुवंशिक विकारासाठी. ४२० आकड्याच्या दुकानदारासाठी नव्हे.

त्याने आधी तपासणी पुन्हा करावी. चौविहार पाळणाऱ्याला बारा तासांचा उपवास सहज घडतो. सकाळी काही खाण्यापूर्वी रक्त द्यावे. पारण्याच्या गोडधोडानंतरचे दोन-चार दिवस टाळावेत. नवा अहवाल दाखवताना जुनी न घेतलेली डबीही डॉक्टरांसमोर ठेवावी.