हट, हॉवेल आणि हुजरा

इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की हट, शॅक, शँटी, हॉवेल या शब्दांपुढे थोड्याफार फरकाने ‘झोपडी’ असेच लिहिलेले सापडते. सेमी-इंग्रजीत शिकणारी आमची मुले तेवढेच पाठ करतात आणि निबंधात हाताला येईल तो शब्द ठेवून देतात. पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हट म्हणजे साधे, लहान घर. कुडाचे, मातीचे किंवा लाकडाचे. त्यात कुणाचा अपमान नाही. शॅक म्हणजे फळ्या आणि पत्रे जोडून कसेबसे उभे केलेले. (गोव्याच्या किनाऱ्यावर लोक शॅकमध्ये बसून महागडी मासळी खातात, तो भाग वेगळा.) शँटीही तशीच, अशा घरांची शहराकडेची दाट वस्ती म्हणजे शँटी टाऊन. हॉवेल मात्र जपून वापरावा. पूर्वी हा शब्द गुरांच्या उघड्या गोठ्याला होता. माणसाच्या घराला लावला की ‘हे राहण्याच्या लायकीचे नाही’ असा शेरा त्यात आपोआप येतो. स्लम हे तर एका घराचे नाव नव्हेच, ती अख्खी वस्ती. ‘माझी मैत्रीण स्लममध्ये राहते’ असे मुलीने लिहिले, तर त्या मैत्रिणीच्या आईने रोज लख्ख पुसलेली फरशी त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

शब्दांचे नशीबही पालटते. कॉटेज हे एकेकाळी इंग्लंडातल्या शेतमजुराचे घर. आज हॉटेलवाले त्याच नावावर जादा भाडे घेतात. बंगलो तर आपल्याच देशातून तिकडे गेला, बंगालच्या साध्या एकमजली घरावरून.

भाषांतरातही असेच घडते. कुरआनच्या 49 व्या सूरहचे नाव अल-हुजुरात. हुजरा म्हणजे खोली. इंग्रजी भाषांतरात पिकथॉल यांनी त्याला ‘प्रायव्हेट अपार्टमेंट्स’ म्हटले, अब्दुल्ला यूसुफ अली यांनी ‘इनर अपार्टमेंट्स’. वाचून डोळ्यांपुढे महाल उभा राहतो. प्रत्यक्षात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पवित्र पत्नींच्या त्या खोल्या कच्च्या विटांच्या आणि खजुराच्या फांद्यांच्या होत्या. लहानपणी आपला हात त्यांच्या छताला लागत असे, असे हजरत हसन बसरी (रह.) यांनी सांगितले आहे. पुढे मशीद वाढवण्यासाठी त्या पाडल्या तेव्हा मदीनेचे लोक रडले. याच सूरहच्या 11 व्या आयतीत एकमेकांची टवाळी करण्यास आणि वाईट नावाने हाक मारण्यास मनाई आहे. ‘झोपडपट्टीवाले’ हा शब्द शिवीसारखा वापरणारे आपल्यातही आहेत.

आमच्या सायखेड्यात घरांसाठी शब्दांची कमतरता नाही. ऊसतोड कामगारांची पाचटाची कोपी, फिरस्त्यांचे पाल, मळ्यातले छप्पर, गावातले मातीच्या भिंतींचे घर, पत्र्याची खोली. बोलताना कुणी गल्लत करत नाही. गल्लत होते ती कागदावर, आणि गोदाकाठी ती फार महाग पडते. ऑगस्ट 2019 मध्ये सायखेडा-चांदोरीत गोदावरीचे पाणी शिरले होते, ते कुणी विसरलेले नाही. पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. 2022-23 ते 2025-26 साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला, मग ते पक्के असो वा कच्चे, 1,20,000 रुपये आहेत. झोपडीला 8,000. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिकचा कागद अशा वस्तूंचा, कच्च्या घराहूनही हलका, तात्पुरता निवारा.

आता आपली बोलण्याची रीत पाहा. पाहुण्याला आपण ‘गरीबखान्यावर या’ म्हणतो. त्याच अदबीने घरातले वडीलधारे पंचनाम्याला आलेल्या माणसाला सांगून बसतात, ‘आमची झोपडीच हो, साहेब!’ मातीच्या भिंतींचे, तीन पिढ्या नांदलेले ते घर कच्चे घर असते. झोपडी नव्हे.

म्हणून पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढून आपल्या घराचे वर्णन काय लिहिले आहे ते पाहावे, कारण मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा दाखलाही लागतो. आणि पंचनाम्यावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो घरातल्या शिकत्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा.