साखरेचे काय झाले?

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना काही गोड द्यावे, असा रिवाज आहे. मी मात्र एका गोड गोष्टीविरुद्धच तक्रार घेऊन आलो आहे.

गोष्ट सर्वांच्या परिचयाची. इराणातून आलेले अग्निपूजक पारशी संजाणच्या किनाऱ्याला लागले. जादी राण्याने दुधाचा काठोकाठ भरलेला पेला पाठवला. येथे जागा नाही, असा त्याचा अर्थ. पारशांच्या दस्तुराने त्यात साखर घालून पेला परत धाडला. परंपरा या दस्तुराला नेर्योसंग धवल म्हणते. पिंपळनेरला वर्गात मी ही गोष्ट कितीदा तरी रंगवून सांगितली, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून येणाऱ्या कोकणा व भिल्ल मुलांकडे वळून बजावले, "तुम्हीही असेच विरघळा. घरची बोली घरी ठेवून या."

एकदा एका पोराने विचारले, "गुरुजी, मग साखरेचं काय झालं?"

मी त्याला खाली बसवले. उत्तर मला येत नव्हते.

ते शोधू लागलो तेव्हा कळले, की बहमन कैकोबादाने १५९९ च्या सुमारास फारसी पद्यात रचलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये ही दूधसाखर नाहीच! तेथे राण्याच्या अटी आहेत: येथली भाषा बोला, स्त्रियांनी येथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवा. पारशांनी त्या मानल्या; पण त्यांनीही अग्नीसाठी जागा मागितली, आणि राण्याने ती दिली. सोळा प्रकारचे अग्नी शुद्ध करून सिद्ध केलेला तो अग्नी काही विरघळला नाही. संजाण पडल्यावर तो डहाणूकडच्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवला, मग आमच्या घाटापलीकडे, डांगाच्याही खाली, वांसद्याला नेला. पुढे नवसारी, सुरत करीत १७४२ पासून तो उदवाड्यास तेवतो आहे.

आणि नेर्योसंग? या नावाचा इतिहासातला पंडित निराळ्याच कामासाठी स्मरणीय आहे. त्याने पहलवीतले आपले धर्मग्रंथ संस्कृतात आणले. परक्या मुलखाची विद्या त्याने हस्तगत केली, ती आपले पुसण्यासाठी नव्हे, आपले सांगण्यासाठी! असा माणूस सोडून आम्ही साखरवाला दस्तूर तेवढा शिकवतो, कारण तो यजमानाला सोयीचा.

कोणी म्हणेल, मराठी आल्यावाचून ही पोरे पुढे कशी जाणार? मराठी आलीच पाहिजे. पारशीही गुजराती शिकलेच. पण शिकवणे निराळे आणि पुसणे निराळे. आमच्या अहिराणीला पुण्यात कोणी हसले, तर आम्ही खानदेशी तांबडेलाल होतो. मग तेच हसू पाड्यावरच्या पोराला आम्ही कोणत्या तोंडाने वाढतो?

सुट्टी संपली, की मी ती गोष्ट पुन्हा सांगणार आहे, या वेळी अग्नीपर्यंत. नंतर त्या पोराला फळ्यापाशी उभे करून तीच गोष्ट त्याच्या कोकणा बोलीत सांगायला लावीन. आणि त्या वेळी खाली बसून ऐकण्याची पाळी माझी असेल.