चालायला लागलं का?

जालना जिल्ह्यातल्या वाटूरसारख्या गावात लेकराचा पहिला वाढदिवस झाला की ज्याच्या-त्याच्या तोंडी हाच प्रश्न, आणि आईच्या जिवाला घोर. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहून २००६ साली सांगितलं, की आधाराविना चालणं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांत कधीही येतं. काही तर रांगतच नाहीत. अठरा महिने उलटूनही लेकरू चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. शेजारच्या लेकराशी तुलना कशाला? वाढ पाहायची तर आपल्या लेकराचं वजन त्याच्याच मागच्या महिन्याच्या वजनाशी ताडून पाहा. अंगणवाडीतला काटा त्यासाठीच आहे. जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांच्या वजनाची नोंद दिवाळीनंतर तुटते, याचं मला फार वाईट वाटतं. तोडीला जाताना लेकराचं आरोग्य कार्ड बिऱ्हाडासोबत न्या. फडाजवळच्या अंगणवाडीनंही ते लेकरू आपलं मानून दरमहा तोलावं.