बिऱ्हाड की मुसाफरखाना?

मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४७ साली केलेला भाडेनियंत्रणाचा कायदा आमच्या चाळकरी वाचकांच्या दोन पिढ्यांना चांगलाच परिचित होता. मात्र त्या कायद्याच्या पूर्ण नावाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. घरांची भाडी आणि हॉटेलांचे व निवासगृहांचे दर ह्या दोहोंवर नियंत्रण ठेवणारा तो एकच कायदा होता, आणि तसे त्याच्या नावातच लिहिलेले होते. ह्या जोडीत मोठे शहाणपण होते असे आम्हांस वाटते. वर्षानुवर्षे राहावयाचे आहे तो भाडेकरू आणि चार रात्री काढावयाच्या आहेत तो प्रवासी, हे दोघेही शहरातील त्याच चार भिंती मागत असतात. एकाचे भाडे बांधून टाकले व दुसऱ्याचे मोकळे सोडले, तर घरमालक मोकळ्या बाजूकडे धावणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा जुना कायदा निकालात काढला आणि नव्या कायद्याच्या नावातून हॉटेल व निवासगृह हे शब्द गळाले. त्यानंतर दहा वर्षे होतात न होतात तोच ही जुनी स्पर्धा जगभर नव्या रूपाने उभी राहिली.

ह्या नव्या रूपाची जन्मकथा वाचकांनी अवश्य ऐकावी. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रायन चेस्की व जो गेबिया ह्या दोन तरुणांना आपल्या जागेचे भाडे भागविता येईना. शहरात एक परिषद भरली होती आणि हॉटेले तुडुंब भरली होती. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरलेल्या गाद्या अंथरल्या व पैसे घेऊन तीन पाहुणे ठेवून घेतले. त्यातूनच पुढे, नेथन ब्लेचारझिक ह्यांच्या साथीने, २००८ मध्ये एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली व डिसेंबर २०२० मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. म्हणजे भाड्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या भाडेकरूंनीच हा धंदा काढला! त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. आपल्या घरातील रिकामी खोली पाहुण्यास देऊन दोन पैसे मिळविणाऱ्या विधवेशी किंवा नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पुढे जे घडले त्याच्याशी. गादी देणारा भाडेकरू मागे पडला व त्या घरात कधीच न राहणारा मालक पुढे आला. एकाच मालकाच्या नावावर पाच-पाच, दहा-दहा घरे ह्या बाजारात दिसू लागली.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एका घराचे महिन्याचे भाडे ३०,००० रुपये येते. तेच घर पर्यटकास रात्रीच्या ३,००० रुपयांनी दिले तर दहा रात्रींत तेवढे पैसे वसूल होतात. वीस रात्री भरल्या व दहा रात्री घर कुलूपबंद राहिले तरी उत्पन्न दुप्पट. त्यातून सफाईचा, चादरींचा व कंपनीच्या दलालीचा खर्च वजा केला तरी मालकाचा लाभ शिल्लक उरतो. भाडेकरूचा मात्र जम बसतो, मुलांची नावे जवळच्या शाळेत घातली जातात, त्याला कायद्याचे संरक्षण मिळते. मालकाच्या दृष्टीने हे सारे अडथळेच. म्हणून करार संपला की भाडेकरूने निघावे, त्याच्या जागी किल्लीची पेटी दाराला लटकावी. हा निघालेला भाडेकरू हवेत विरत नाही. तो पलीकडच्या वस्तीत जागा शोधू लागतो व तेथील भाडे वाढते. जेथे एकही पर्यटक पाऊल ठेवीत नाही अशा वस्तीतील माणसासही ह्या धंद्याची झळ लागते ती अशी.

झळ किती, हा प्रश्न अभ्यासकांनी तपासला आहे. अमेरिकेतील बॅरन, कुंग व प्रोसर्पिओ ह्या तिघांचे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या भागात अशा घरांची संख्या एक टक्क्याने वाढली की तेथील भाडी ०.०१८ टक्के व घरांच्या किमती ०.०२६ टक्के वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आकडा पाहून धंद्याचे कैवारी म्हणतात, एवढ्याशा वाढीसाठी एवढा आरडाओरडा कशाला? पण ही घरे वर्षाला एका टक्क्याने वाढली नाहीत. काही वर्षांतच ती कित्येक पटींनी वाढली, आणि तीही शहरभर सारखी पसरली नाहीत. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट सापडली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते: जेथे मालक स्वतः आपल्या घरात राहतात अशा भागांत हा परिणाम कमी होतो. दोष पाहुणचारात नसून गैरहजर मालकीत आहे, ह्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

स्पेनमधील बार्सिलोना शहराचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तेथील सरासरी वस्तीत ह्या धंद्यामुळे भाडी १.९ टक्के वाढली असे आढळले. परंतु जेथे हा धंदा सर्वांत दाट आहे अशा वरच्या एक दशांश वस्त्यांत भाडी ७ टक्के व घरांच्या विक्रीच्या किमती १७ टक्के वाढल्या. सरासरी हा शब्द मोठा फसवा आहे. नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी डोहात सापडलेला माणूस बुडतोच.

तरीही सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी ह्यांनी जून २०२४ मध्ये सांगितले की, मागील दहा वर्षांत शहरातील भाडी ६८ टक्के वाढली. ह्या ६८ टक्क्यांचे सारे खापर पर्यटकांच्या माथी फोडता येणार नाही. पुरेशी घरे न बांधणे, सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांची वानवा, घरास गुंतवणुकीची वस्तू समजणारा पैसा, अशी इतर कारणे मोठी आहेत. अल्पमुदतीचे भाडे बंद केले की घरांचा प्रश्न सुटला, असे जो पुढारी सांगतो तो लोकांची फसवणूक करतो. परंतु आजार अनेक कारणांनी झाला म्हणून त्यातले हाती असलेले एक कारण दूर करू नये, असे कोणता वैद्य म्हणेल?

आता हॉटेलवाल्यांची बाजू पाहू. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराचा अभ्यास झर्वास, प्रोसर्पिओ व बायर्स ह्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ह्या नव्या धंद्यामुळे तेथील हॉटेलांचे उत्पन्न ८ ते १० टक्क्यांनी घटले. फटका बसला तो मुख्यत्वे स्वस्त हॉटेलांना; कंपन्यांच्या खर्चाने उतरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मोठ्या हॉटेलांना तो फारसा जाणवला नाही. जत्रेच्या किंवा परिषदेच्या दिवसांत हॉटेलवाले जे मनमानी दर लावीत, त्यांनाही आळा बसला. ह्यात प्रवाशाचे हितच झाले, आणि ते आम्ही नाकारीत नाही. चार मुलांचे कुटुंब घेऊन रुग्णालयासाठी परगावी जाणाऱ्या गरिबास स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा परवडते, ही गोष्ट खरी आहे.

हॉटेलवाले म्हणतात की, आम्ही आगीपासून बचावाचे नियम पाळावयाचे, परवाने काढावयाचे, कर भरावयाचे, नोकरांना कायद्याप्रमाणे वेतन द्यावयाचे; आणि शेजारच्या इमारतीत तोच धंदा करणाऱ्याने यातले काहीच करावयाचे नाही, हा कोठला न्याय? ही तक्रार रास्त आहे. परंतु हॉटेलमालक भाडेकरूंच्या नावाने अश्रू ढाळू लागले की वाचकांनी सावध व्हावे. स्पेनमध्ये हॉटेलांच्या खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांना आपल्या हक्कांसाठी ‘लास केलीज’ ह्या नावाने संघटित व्हावे लागले, ते ह्याच हॉटेलांनी त्यांची कामे कंत्राटदारांकडे सोपवून वेतन पाडले म्हणून. ज्यांनी आपल्या मोलकरणीचे हित पाहिले नाही, ते परक्याच्या बिऱ्हाडाची काळजी वाहतील हे संभवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच दिसून आले. त्या शहराचा स्थानिक कायदा क्रमांक १८ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यावयाचे असेल तर मालकाने किंवा भाडेकरूने स्वतः त्या घरात राहिले पाहिजे, दोनपेक्षा अधिक पाहुणे ठेवता कामा नयेत, शहराकडे नोंदणी केली पाहिजे, आणि नोंदणी नसलेल्या घराचे पैसे कंपनीने स्वीकारता कामा नयेत, असे त्यात आहे. हजारो जाहिराती एका फटक्यात नाहीशा झाल्या. कित्येक तीस दिवसांच्या पलीकडे सरकल्या. पुढे काय झाले? हॉटेलांचे दर चढले. भाडी मात्र उतरली नाहीत. अर्थात् दर चढण्यास हा एकच कायदा कारण नव्हता. नवे हॉटेल बांधण्यास खास परवानगी घेण्याची अट शहराने २०२१ मध्येच घातली होती, आणि २०२२ पासून निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी कित्येक हॉटेले वापरात आली होती. पण भाडेकरूच्या नावाने केलेल्या कायद्याचा पहिला घास हॉटेलमालकाच्या मुखी पडला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अल्पमुदतीच्या भाड्याला वेसण घालताना त्याच हाताने रहिवाशांसाठी घरे बांधली नाहीत व हॉटेलांच्या दरांकडेही पाहिले नाही, तर लाभ एका धनिकाकडून दुसऱ्याकडे जातो, एवढेच. १९४७ च्या कायद्यातील ती जोडी आम्हांस पुन्हा आठवते ती यासाठी.

ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती आमच्या वाचकांस सांगावयास नको इतकी ओळखीची आहे. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत तरुण आंबेडकरांना पारशी नाव धारण करून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मुक्कामाच्या दारावर नाव विचारले जाणे म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच घटनेच्या पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे ह्यांच्याबरोबर हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आला. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांना वर्णभेद करण्यास बंदी केली, परंतु मालक स्वतः राहत असलेल्या व पाचांहून अधिक खोल्या भाड्याने न देणाऱ्या घरास त्यातून वगळले. ही छोटीशी खिडकी होती. नव्या धंद्याने तिचा दरवाजा होण्याची वेळ आणली. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत सुमारे ६,४०० मालकांकडे जागेची मागणी पाठविली. सर्व मागण्या सारख्याच, फरक केवळ नावाचा. कृष्णवर्णीयांत रूढ असलेली नावे धारण केलेल्या पाहुण्यांस होकार मिळण्याचे प्रमाण गोऱ्या नावांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी आढळले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच गाजावाजा झाला होता. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने पाहुण्याचे छायाचित्र होकारानंतरच मालकास दाखविण्याचे ठरविले. नाव मात्र राहिले, आणि आमच्या देशात नावच पुरेसे असते. दिल्ली व परिसरात भाड्याचे घर शोधताना दलित व मुसलमान नावांच्या माणसांना नकार कसा मिळतो, ते सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेच आहे. रात्रीपुरत्या दिलेल्या घराचा मालक पैसे मोजताना त्यास धंदा म्हणतो आणि पाहुणा नाकारताना त्यास आपले खासगी घर म्हणतो. ह्या दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची मुभा त्यास मिळता कामा नये. तो धंदा असेल तर घटनेतील ‘हॉटेल’ ह्या शब्दाखाली तो आलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बार्सिलोनाने कठोर मार्ग धरला आहे. २०१५ साली, घरातून हुसकावल्या जाणाऱ्यांच्या चळवळीतून महापौरपदी आलेल्या आदा कोलाऊ ह्यांनी नवी हॉटेले व नवी पर्यटक निवासगृहे ह्या दोहोंचे परवाने एकाच वेळी थांबविले. कोल्बोनी ह्यांनी त्यापुढे जाऊन अशा १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुन्हा न देण्याचे जाहीर केले. ज्या कॅटलोनियाच्या हुकुमावर हा निर्णय उभा आहे, तो स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरविला. परंतु तेथील मालकही स्वस्थ बसलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये भाड्यांवर मर्यादा आली तेव्हा अकरा महिन्यांपर्यंतच्या ‘मोसमी’ करारांची लाट आली, कारण ती मर्यादा नेहमीच्या करारांना होती. अकरा महिने हा आकडा वाचून मुंबई-पुण्याच्या भाडेकरूस हसू आल्याशिवाय राहणार नाही.

आमच्याकडे हा धंदा सर्वांत अधिक फोफावला आहे तो गोव्यात. किनाऱ्यावरील गावांत बारमाही भाड्याने घर मिळत नाही अशी तेथील रहिवाशांची व हॉटेलांतच राबणाऱ्या कामगारांची तक्रार आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा १९८२ चा कायदा हाती आहे. नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय कोणतीही जाहिरात चालू देऊ नये. कोणत्या गावात किती घरे रात्रीच्या भाड्याने दिली जातात आणि त्यांपैकी किती घरांत मालक स्वतः राहतो, हे दोन आकडे सरकारने गावनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करावेत. पाहुण्याचे नाव होकारापूर्वी मालकास कळू नये, अशी अट नोंदणीतच घालावी. आणि ज्या गावात अशी घरे ठराविक प्रमाणाबाहेर गेली, तेथे मालक राहत नसलेल्या घरांची नवी नोंदणी थांबविण्याचा अधिकार ग्रामसभेस द्यावा.