हरलेल्याचे ७० गुण

२० नोव्हेंबर २०१२. अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ग्रिनेल या छोट्या कॉलेजच्या जॅक टेलरने एकट्याने १३८ गुण केले. ग्रिनेल १७९-१०४ ने जिंकले आणि टेलरची बातमी जगभर झाली.

आम्ही मात्र हरलेल्या फेथ बॅप्टिस्ट संघाचा आकडाही वाचला. त्यांच्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले होते. टेलरने १०८ वेळा चेंडू फेकला, ५२ वेळा तो आत गेला. लार्सनचे ४४ पैकी ३४ आत गेले.

आपल्या घरीही निकालाच्या दिवशी पेढे पहिल्या आलेल्याच्याच नावाचे येतात. शेजारी गप्प बसलेल्या लेकराला आपण काय विचारतो? यंदा आधी त्याची गुणपत्रिका हातात घेऊया.