पाणी कागदावर खुले, काठावर बंद!

अमेरिकेतील गोष्ट आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पायी चालले, पण हात उगारला नाही. वक्तृत्व स्पर्धेत हा विषय आला की आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच! आमचा सवाल एवढाच की, महाडचे नाव निघाले की तेच सभागृह गप्प का होते?

माँटगोमेरीच्या २८ वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. कायदा मोडला काय? मुळीच नाही. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले होते. ते खुले होते फक्त कागदावर. सत्याग्रही आता देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठवून जमावाने त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. उलट मारण्याची ताकद असलेल्यांना बाबासाहेबांनी आवरले. पुढे तळे 'शुद्ध' करण्यात आले. कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आणखी एक गोष्ट जुन्या घराण्यांनी ध्यानात घ्यावी. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. म्हणजे आपली आडनावे दोन्हीकडे होती. कोणत्या बाजूचा वारसा सांगायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

काही ज्येष्ठ म्हणतात, "जुनी मढी कशाला उकरता? मध्य प्रदेशात आपण आधीच मूठभर." अहो, मूठभर आहोत म्हणूनच तर! सरकारकडे मराठीसाठी मागणी करताना ताप्तीकाठचा प्रत्येक मराठी माणूस आपण मोजायचा, अन् पंगतीला, हळदीकुंकवाला, कार्यकारिणीला मात्र चार वाड्यांतलीच नावे आठवायची? हा दुटप्पीपणा आहे. याला आम्ही परंपरा म्हणणार नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सभासदत्वाचा अर्ज मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घरी पोहोचावा, बौद्ध वस्तीत आधी. सभागृह सर्वांना एकाच दराने मिळावे. गुढीपाडव्याइतक्याच मानाने २० मार्च साजरा व्हावा. २०२७ हे महाडचे शताब्दी वर्ष आहे.

बुऱ्हाणपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्या शंभरावर आहेत, पण खालून वाहणारे पाणी एकच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येणार आहे. हात वर करायला या!